बाटली वाढली

मी घोडबंदर सोडलं त्या दुपारी आई टॅक्सीवाल्याला हिंदीत दम देत होती. "भैया, गाडी धीरे चलाना, लडकी अकेली है," असं तिनं त्याला पुन्हा पुन्हा बजावलं, जसा काही तो मला थेट पोर्तुगालपर्यंत सोडणार होता. माझा धाकटा भाऊ नितीन बॅगा डिकीत कोंबत होता आणि त्या मावत नव्हत्या म्हणून माझ्यावरच खेकसत होता. बाबा मात्र घरात नव्हते. ते सकाळीच मिठागरावर गेले होते. आमचं मिठागर तेव्हा नावापुरतंच उरलं होतं, मीठ पिकवणं कधीच बंद झालं होतं, तरी बाबा रोज त्या बांधावर जाऊन बसायचे. मुलगी परदेशी निघाली त्या दिवशीही गेले. मला राग आला होता आणि मी तो लपवलाही नव्हता.

गाडी हायवेच्या वळणावर आली तेव्हा बाबा कडेला उभे दिसले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेले, चपला हातात. त्यांनी खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावर ठेवला. "वेलेवर जेव," एवढंच म्हणाले. मला वाटलं आणखी काही बोलतील, पण मागच्या ट्रकनं हॉर्नवरचा हात काढला नाही आणि आमची गाडी पुढे सरकली. मी मान वळवून बघितलं तोवर ते खाडीकडे चालायला लागले होते. बाबांना मी पाहिलं ते शेवटचं.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, जे मीरा रोड-भाईंदरलाच राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे सामान बांधून निघाले त्यांच्यासाठीही. तुम्ही मला नेहमी एकच विचारता: तिकडे नेमकं काय करतेस? मी सांगते, वाईनच्या कोठारात पाहुण्यांना फिरवते आणि चव घ्यायला शिकवते. मग तुमच्यातली एखादी आत्या डोळे मोठे करते. दारू पाजायला एवढ्या लांब जायची काय गरज होती, आपल्याकडे काय कमी बार आहेत? कमी नाहीत, आत्या. मला त्यातले बरेचसे आतून माहीत आहेत, सुरुवातच तिथून झाली.

हॉटेल मॅनेजमेंट करून मी मीरा रोडच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये लागले. खाली थाळी, वर एसी आणि बार. तिथल्या फ्रिजमध्ये सोड्याच्या बाटल्यांशेजारी रेड वाईनची एकच उघडी बाटली असायची, कित्येक आठवडे तीच. कोणी मागितली की आमचा कॅप्टन ती जाड ग्लासात बर्फ घालून द्यायचा, आणि गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं झालं की म्हणायचा, "साब, वाईन ऐसीच रहती है." मी पहिला घोट तिथेच घेतला. निव्वळ व्हिनेगर. तरी त्या आंबटपणाच्या मागे काहीतरी होतं, एखाद्या बंद खोलीत कोणीतरी नुकतंच बसून गेल्यासारखं, आणि ते काय आहे ते मला शोधायचं होतं. नंतर भाईंदर पश्चिमेच्या बाजारामागची एक परमिट रूम माझी आवडती झाली. तिथल्या मालकाला वाईन खरंच कळायची. तिथे मत्स्यालय होतं आणि त्यात मासे नव्हते, नुसते बुडबुडे. एकट्या बाईनं तिथे बसायची सोय नव्हती, म्हणून मी नितीनला ओढून न्यायची. तो चकली खायचा आणि घड्याळ बघायचा.

त्याच फॅमिली रेस्टॉरंटमध्ये माझी एकदा चांगलीच फजिती झाली, आणि ती इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या शब्दावर आहे. आमच्या घरात "संपलं" म्हणत नाहीत. आई तर मुळीच नाही. तांदूळ संपले तर ते वाढले. तेल वाढलं, मीठ वाढलं. नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, बांगडी फुटली तरी ती वाढली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असंच असेल. तर एका गिऱ्हाइकानं तळलेलं पापलेट मागितलं आणि मी गडबडीत आईच्या तोंडचंच बोलले, "सर, पापलेट वाढलं." तो गृहस्थ खूश झाला. "अहो, मग वाढा ना!" म्हणून ताट सरकवून बसला. सगळं किचन आठवडाभर मला "वाढा ना" म्हणून चिडवत होतं.

वाईनची चव मात्र मला घरातूनच मिळाली असं मी मानते. उत्तनच्या पट्ट्यात तारोडीला बाबांच्या ओळखीची फिलूआंटी राहायची. मासे सुकवायला बाबा तिला आमच्या आगरातलं जाडं मीठ न्यायचे आणि नाताळात ती आम्हाला काळ्या मनुकांची घरची वाईन द्यायची. बाबा ती बांधावर नेऊन प्यायचे. पिण्याआधी ग्लास किंचित तिरका करून थोडी जमिनीवर सांडायचे. "आधी राखनदाराचा वाटा," म्हणायचे. आगराची राखण करणारा जो कोणी असतो, त्याचा. मी लहानपणी विचारलं होतं, तो पितो का खरंच? बाबा म्हणाले, "सकाली बग ना, सुकलेला असतं." ते ऐकून मी दोनतीन रात्री आईला चिकटून झोपले होते.

पुढे नाशिकला जाऊ लागले. पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर, मग एकटी. धरणाच्या काठावर एक वायनरी होती, तिच्या गच्चीवर बसलं की द्राक्षांच्या रांगा पाण्यात उतरल्यासारख्या दिसायच्या. तिथे चव शिकवणाऱ्या बाईंनी ग्लास फिरवायला सांगितला आणि कसला वास येतो ते विचारलं. कोणी चेरी म्हणालं, कोणी चॉकलेट. मी म्हटलं, ओल्या गोणपाटाचा. सगळे हसले. बाईंनी ग्लास स्वतःच्या नाकाला लावला आणि ती बाटली परत पाठवली, बूच खराब निघालं होतं. त्या दिवशी मला कळलं की माझं नाक माझं पोट भरू शकेल. काही वर्षांत मी पोर्तोला पोचले.

पोर्तोमध्ये नदीच्या पलीकडच्या काठावर वाईनची लांबच लांब दगडी कोठारं आहेत. आत कायम अंधार आणि गारवा. लाकडी पिंपांत वाईन वर्षानुवर्षं पडून असते, तिचा लाल रंग जाऊन काळ्या चहासारखा होतो. तिला टॉनी म्हणतात. मी पाहुण्यांना सांगते की पिंपातून दर वर्षी थोडी वाईन आपोआप उडून जाते आणि इथले लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. पाहुणे वर छताकडे बघतात. मी मात्र खाली जमिनीकडे बघते, ती जुनी सवय आहे. संध्याकाळी चढावरच्या एका सहा टेबलांच्या खानावळीत जाते. तिथली म्हातारी मालकीण भाजलेली तारली मासळी आणि 'विन्यु व्हेर्द' नावाची वाईन समोर ठेवते. व्हेर्द म्हणजे हिरवी, पण दिसायला असते पांढरी. आमच्या "वाढलं"सारखंच हेही, नाव एक आणि गोष्ट दुसरी, म्हणून मला ती पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली.

मी तिथे रुळतेय तोवर एका दुपारी नितीनचा फोन आला. बाबा आगरावर गेले ते परत आले नव्हते. उधाणाची भरती होती. बांधावर त्यांच्या चपला सापडल्या, शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. कोळ्यांनी होड्या घातल्या, पोलीस आले, खाडी धुंडाळली. काही मिळालं नाही. मी आले, राहिले, परत गेले. नातेवाइकांनी दिवस घालायचं सुचवलं तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "मानूसच घावला न्हाय, मंग दिस कोनाचे घालायचे?" आणि तिनं हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच ठेवल्या. कोणाची तिला पुन्हा सांगायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर आई त्या घरात एकटी राहू लागली. नितीननं जेसल पार्कला फ्लॅट घेतला होता, तिथे ती एक रात्रही टिकली नाही. "तो आयला तर त्याला कोन दिसंल?" एवढंच तिचं उत्तर. संध्याकाळी ती मागच्या दाराच्या पायरीवर, खाडीच्या बाजूला, एका वाटीत बाबांचा वाटा ठेवायची. आधी फिलूआंटीची वाईन असायची, मग मी सुट्टीत नेलेली टॉनी. नितीन म्हणायचा, मांजर पीत असेल. मी त्याला म्हटलं, मांजर वाईन पीत नाही. आणि समजा प्यायलं, तर वाटीच्या तळाला तपकिरी चिकट डाग राहायला हवा. मी स्वतः सकाळी ती वाटी उचलून बघितली होती. ती कोरडी होती आणि तळाशी पांढरं, खरखरीत वर्तुळ होतं. मी जीभ लावली. मीठ.

मी हे कोणाला बोलले नाही. खारं वारं असतं तिथे, मीठ कशावरही बसतं, असं मनाशी म्हणून बॅग भरली.

मग आई पडली. वाटी ठेवायला वाकली आणि त्याच पायरीवरून घसरली. शेजारीण दूध द्यायला आली तोपर्यंत ती तशीच पडून होती. हाड मोडलं नाही हे नशीब. पण नितीन फोनवर रडला, आणि तो रडणारा माणूस नाही. आता तिला एकटी ठेवायची नाही, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. मी सुट्टी टाकून गेले आणि तिला म्हटलं, माझ्याकडे चल. नितीनकडे नको ना, मग माझ्याकडे चल. ती हो म्हणेना, नाही म्हणेना. मी भांडले. मी म्हटलं, तू पुन्हा पडलीस आणि कोणी आलंच नाही तर? मी तिकडे रोज सकाळी उठून फोनला हात लावायला घाबरते, ते तुला कळतं का? तिला कळत होतं.

निघायच्या दिवशी मी तिच्यासमोर टॉनीची नवी बाटली ठेवली. या वेळी मी एकसारख्या दोन बाटल्या घेतल्या होत्या, एकाच पिंपातून भरलेल्या. एक तिची आणि एक माझ्या पोर्तोच्या घरी. रविवारी आपण फोनवर बोलू तेव्हा मी माझ्यातली थोडी घेईन, तू बाबांना वाढ, म्हणजे आपण तिघं एकत्र बसल्यासारखं होईल, असं माझं आपलं भाबडं गणित. आईनं बाटली हातात घेतली, उजेडाला धरली आणि म्हणाली, "ही बाटली वाढली का मी यतंय तुझ्याकडं. आन मंग परत इचारू नको."

मला आनंद झाला. रोज वाटीत चार चमचे, म्हणजे महिना-दीड महिन्यात बाटली खाली होणार. मी विमानात बसून तिच्यासाठी कुठली खोली, कुठली खिडकी, असले बेत करत होते.

पहिल्या रविवारी विचारलं, बाटली? "हाय." पुढच्या रविवारी, बाटली? "हाय की." महिना झाला, दोन झाले. मी म्हटलं, आई, तू वाटा ठेवतेस ना? "रोज." मग संपत कशी नाही? "संपत काय म्हनतेस, चांगल्या घरची पोर तू," ती म्हणाली. मला वाटलं, वाटीत थेंबभरच घालत असेल. चालढकल करतेय.

त्याच सुमारास मी कामासाठी आवैरूला गेले. पोर्तोच्या खाली किनाऱ्यावरचं हे गाव, तिथल्या एका वायनरीत चव घ्यायला बोलावलं होतं. रस्त्यात मिठागरं लागली. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आपलीच मिठागरं. तेच चौकोन, तेच बांध, तेच पांढरे ढीग, खाडीचा तोच वास. मी गाडी थांबवून उतरले. लांब एका बांधावर एक माणूस पाठमोरा चालत होता, पायांत काही नव्हतं, एक खांदा किंचित खाली. मी लहानपणापासून त्या खांद्याच्या मागे चाललेय. मी हाक मारली नाही. कशी मारणार, मी काय म्हणून मारणार? तो चालत ढिगाच्या पलीकडे गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला नाही. मी बराच वेळ उभी राहिले. ढिगामागे जाऊन बघायला दोन मिनिटं लागली असती, पण मी परत गाडीत जाऊन बसले. त्या दिवशी वायनरीत मला एकाही ग्लासाची चव धड सांगता आली नाही.

घरी आले तर माझी बाटली निम्म्याखाली. मी रविवारी ग्लासाच्या तळाशी थोडीशीच घ्यायची, पण म्हटलं, एकटी राहते, हात सैल सुटला असेल. आपल्या पिण्याचा अंदाज आपल्याला नसतोच, पाहुण्यांना हेच तर रोज सांगते. पुढच्या रविवारी मी बघून घेतली आणि बूच घट्ट दाबलं. त्याच्या पुढच्या रविवारी तळाला दोन बोटं राहिली होती. ओट्यावर गळालेलं काही नव्हतं. फक्त जिथे बाटली ठेवायची तिथे हात फिरवला तर खरखरीत लागलं. मी ओटा पुसला, दोनदा पुसला, आणि दिवा लावूनच झोपले.

शेवटी माझी बाटली रिकामी झाली. त्याच आठवड्यात, रविवार नसताना, भर कामात आईचा फोन आला. आई स्वतःहून कधी परदेशात फोन लावत नाही, बिल येईल म्हणते. मी कोठाराच्या दारात उभी राहून उचलला.

"वाढली," ती म्हणाली.

मी हसत होते आणि रडत होते, आजूबाजूचे पाहुणे बघत होते. मी मिळेल ते तिकीट काढलं. नितीन मला विमानतळावरून घेऊन आला, तोही खूश होता, वाटेत सारखा म्हणत होता की सुटलो एकदाचे. घरी पोचलो तर आईची पिशवी भरून तयार होती. आणि ओट्यावर बाटली होती.

ती भरलेली होती. बुचापर्यंत, गळ्यात हवेला जागा नाही इतकी. कोठारातून भरून येते तेव्हाही एवढी नसते.

"आई, हे काय? तू तर म्हणालीस वाढली."

"मंग? वाढलीच ना. डोले हायेत ना तुना?"

घरातल्या जिनसांबाबत तिनं तो शब्द आयुष्यभर संपण्याच्याच अर्थानं वापरला होता. माझे इतके महिने त्या अर्थावर गेले होते, आणि ती मात्र जे दिसलं तेवढंच सांगत होती. रोज वाटीत काढत होते, ती म्हणाली, आणि रोज बाटली थोडी वर येत होती. आधी नखभर. मग गळ्याला लागली. तिनं हे दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं.

नितीननं मला बाजूला घेतलं. "काळा चहा ओतला असेल गं तिनं. रंग तोच दिसतो. तू येणार म्हणून केलं असेल, नाही तर तिला तुझ्याकडे यायचं नाही म्हणून." मी त्याला म्हटलं, हे मला कळेल, हेच एक मला कळतं. मी ग्लास धुतला, पुसला, बोटभर ओतली.

चहा नव्हता. फिलूआंटीची मनुकांची वाईनही नव्हती, ती मला झोपेतही ओळखता येते. ही तीच टॉनी होती, मी दिली ती. पण टॉनी एकदा उघडली की काही आठवड्यांत मरगळते, आणि ही उघडून कितीतरी महिने झाले होते. ग्लासातली वाईन मात्र आत्ता बूच काढल्यासारखी ताजी होती. अक्रोड, जळकी साखर, सुक्या संत्र्याची साल, सगळं जागच्या जागी. आणि गिळल्यावर, अगदी शेवटी, जिभेच्या मागे आणखी काहीतरी आलं, जे कुठल्याही पिंपात नसतं. मी दुसरा घोट घेतला. आमच्या आगराचं मीठ होतं ते. दुकानातलं मीठ खारट असतं, आमच्या मिठाला आधी थोडा कडवटपणा असायचा. ते पिकणं बंद होऊन किती वर्षं झाली, तुम्हाला माहीत आहे.

मी ग्लास खाली ठेवला. आईनं विचारलं, "तुझी बाटली कुठंशी हाय?"

"माझी..." मला "संपली" म्हणवेना आणि "वाढली"ही म्हणवेना. "रिकामी झाली. मागच्या आठवड्यात."

आईनं मान हलवली, जणू हे तिला माहीतच होतं. "मी इतकी वर्सं त्याला वाढतंय," ती म्हणाली. "आता त्यानी मना वाढलान. तुझ्याकडशी घेतलान आन मना आनून वाढलान. मंग मी हितं बसून काय करू?"

नितीन बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. मी आईला म्हटलं, म्हणजे बाबा...? मला प्रश्न पुरा करता आला नाही. गेले का, हे मला विचारायचं होतं. इतकी वर्षं आम्ही कोणीच तिला ते विचारलं नव्हतं. ती पिशवीची नाडी बांधत होती. बांगड्या वाजत होत्या, हिरव्या, तेवढ्याच. तिनं उत्तर दिलं नाही, आणि मला त्या क्षणी वाटलं की तिनं मनाशी ते कबूल केलं असावं. मला त्याचं वाईटही वाटलं आणि हायसंही वाटलं. तुम्हीही कोणाची वाट बघितली असेल तर तुम्हाला हे समजेल.

व्हिसा, कागदपत्रं, सह्या यात पुढचे काही महिने गेले. तोवर आई चक्क जेसल पार्कला नितीनकडे राहिली, एकदाही कुरकुर न करता. घराला कुलूप लावताना मागचं दार तिनं नुसतं ओढून घेतलं. नितीन कडी लावायला गेला तर म्हणाली, राहू दे. बाटलीतली वाईन तिनं आम्हा तिघांत वाटली. नितीनला आवडली, हा आणखी एक चमत्कार. आई स्वतः पहिल्यांदाच प्यायली. तिनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, ह्याच्यासाठी एवढ्या लांब गेलीस?

आता ती माझ्याकडे आहे. शेजारच्या बायका भेटल्या की तिला 'ओला' म्हणतात, ती त्यांना हाय म्हणते, दोन्ही बाजू खूश. चढावरच्या खानावळीतली मालकीण आणि ती एकमेकींना तारली कशी साफ करायची ते हातवाऱ्यांनी शिकवतात. मीरा रोडवरून तुम्ही फोन करता आणि विचारता, आई रमली का, घराची आठवण काढते का? ती आठवण काढत नाही. मीच काढते. माझ्या डोक्यातलं घर अजून तेच आहे, खाडीकाठचं, मागच्या पायरीचं, आणि इथलं घर म्हणजे नोकरीसाठी घेतलेल्या दोन खोल्या, असं मी गेल्या महिन्यापर्यंत समजत होते.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी तिला नदीच्या मुखाशी फिरायला नेलं, जिथे नदी समुद्राला मिळते. बाकावर बसलो. मी तिला दाखवत होते, ते दीपगृह, तो पूल, त्यापलीकडे माझी कोठारं. तिचं लक्ष नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती, काठाच्या दगडांवरच्या ओल्या रेषेकडे.

"ह्याला भरती यते?" तिनं विचारलं.

"येते की. समुद्राचं पाणी पार आतपर्यंत येतं."

"हितल्या आपल्या घराच्या खालीपर्यंत?"

"हो."

आईनं पाय वर घेतले, पदर सारखा केला आणि बाकावर नीट मांडी घालून बसली, जशी ती कोणाची वाट बघायची असली की बसते.

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली. "मी पन म्हटला, तुझ्या घरी तो पोचला कसा."